बाईंबद्दल काय लिहू?

प्रश्न: आमच्या झेडपी शाळेत पहिलीला शिकवणाऱ्या बाई गेल्या, माळकरी होत्या, एकादशी कधी चुकली नाही. स्मरणिकेत त्यांच्या भक्तीबद्दल कसं लिहावं?

उत्तर: ताई, नुसतं 'फार धार्मिक होत्या' लिहून भागणार नाही, त्या भक्तीपायी मुलांसाठी काय केलं ते लिहा. साने गुरुजींचंच बघा ना, अमळनेरच्या वसतिगृहात मुलांच्या खोल्या झाडायचे, कपडे धुवायचे, त्यांच्यासाठी हातानं 'छात्रालय' दैनिक लिहायचे आणि १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून याच माणसानं उपोषण केलं, माझ्या मते भक्ती ती हीच. तुमच्या बाईंनी कुणाचा हात धरून 'ग' गिरवून घेतला, कुणाला डब्यातली भाकरी दिली, ते त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन करून विचारा, भरभरून सांगतील.