डिपॉझिट भरायच्या आधी एक अर्ज

तुमच्या सोसायटीतल्या इस्त्रीवाल्या काकांबद्दलची पोस्ट वाचली आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. काका जिन्यावरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, ट्रस्टच्या हॉस्पिटलने ६० हजार डिपॉझिट सांगितलंय, सोसायटीच्या ग्रुपवर पैसे जमतायत, कमी पडतील ते गावातला सेवा क्लब घालणार आहे. आणि तुमचा प्रश्न, पैसे घरच्यांच्या हातात द्यायचे की थेट हॉस्पिटलला. माझं म्हणणं, आज कोणालाच देऊ नका.

आधीच सांगते, मी वकील नाही, डॉक्टरही नाही. बँकेतून निवृत्त झाले आणि बरीच वर्षं एका क्लबात वैद्यकीय मदतीचं काम बघते. नियम आणि उत्पन्नाच्या मर्यादा बदलत असतात, त्यामुळे ताजी खात्री तुम्ही करून घ्या.

हॉस्पिटल धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या ट्रस्टचं असेल, तर उच्च न्यायालयाने घालून दिलेली २००६ पासूनची योजना त्याला बहुधा लागू असणार. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. हा खर्च भागवायला हॉस्पिटल आपल्या बिलांतली २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकतं. म्हणजे हे कोणाचे उपकार नव्हेत. मला ठाऊक असलेली वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी १ लाख ८० हजार आणि दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार.

आता आमच्या वेळचं. आमच्या कॉलनीत पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचा मुलगा, गाडीवरून पडून मांडीचं हाड मोडलेलं. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. योजनेचा फॉर्म मागितला तर काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, "आधी डिपॉझिट भरा, पेशंट आत जाऊ दे, फॉर्मचं नंतर बघू." पोरगा स्ट्रेचरवर कण्हत होता, क्लबाचा चेक तयार होता, भरला. दुसऱ्या दिवशी फॉर्म मागायला गेलो तर तेच गृहस्थ, तीच काच, आणि उत्तर काय? "तुम्ही जनरलमध्ये ॲडमिट आहात. डिपॉझिट भरलंय म्हणजे ऐपत आहे. निर्धनात कसं बसवणार?" आमचीच पावती आमच्याविरुद्ध पुरावा! मग खाटा भरल्यात, मग साहेब मीटिंगला, मग साहेब राउंडला. लेखी अर्ज दिला तर पोच देईनात. "आवक चारला बंद होते," असं सांगितलं तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजले होते. फॉर्म मात्र त्यांच्याच टेबलाच्या खणात होता, गठ्ठाच्या गठ्ठा, रबर लावलेला. दुसऱ्या कोणासाठी तरी खण उघडला तेव्हा दिसला. शेवटी मावशींनी सोनाराकडे जे ठेवायचं ते ठेवलं. अजून आठवलं की डोकं फिरतं. असो.

म्हणून क्रम असा ठेवा. हॉस्पिटलात समाजसेवक नेमलेला असायला हवा, 'मेडिकल सोशल वर्कर' म्हणून विचारा. बिलिंग काउंटरवर विचारू नका, तिथे याचं उत्तर मिळत नाही. अर्जाच्या दोन प्रती, सोबत रेशनकार्डाची किंवा तहसीलदाराच्या उत्पन्नाच्या दाखल्याची झेरॉक्स. आपल्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख आणि वेळसुद्धा. शिक्का देत नसतील तर तिथेच उभं राहून तोच अर्ज हॉस्पिटलच्या ईमेलवर पाठवा आणि प्रत सहधर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला. "प्रत तिकडे गेलीय" म्हटल्यावर आवाजाची पट्टी खाली येते, हा अनुभव आहे. रुग्ण तातडीचा असेल तर आधी दाखल करून जीव वाचवायचे उपचार सुरू करणं योजनेतच आहे, कागद नंतर दिले तरी चालतात. काकांचं वय बघता हा मुद्दा जोर देऊन मांडा.

त्याच फेरीत महात्मा फुले योजनेच्या (सरकारची मोफत उपचारांची योजना) आरोग्यमित्राला, म्हणजे त्या योजनेच्या हॉस्पिटलातल्या मदतनिसाला, भेटा. हॉस्पिटल त्या यादीत असेल आणि हे ऑपरेशन बसत असेल तर मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यायची. नंतर धावून फारसा उपयोग होत नाही.

मग जमवलेल्या पैशांचं काय? लागतील की! निर्धन गटात बसले तर इम्प्लांटचा, म्हणजे हाडात बसवायच्या कृत्रिम भागाचा, खर्चही निधीतून जातो. पण दुर्बल गटात बसले तर औषधं आणि इम्प्लांटच्या बिलातला निदान ५० टक्के भाग रुग्णाने भरायचा असतो, आणि खुब्याचं इम्प्लांट काही स्वस्त नसतं. क्लबाचा पैसा तिथे द्या, चेकने, हॉस्पिटलच्या नावाने, बिल बघून. घरच्यांच्या हाती मोठी रोकड देऊ नये असं माझं वैयक्तिक मत आहे. विश्वासाचा प्रश्न नाही हो, पण घरात पैसा आलाय हे कळलं की जुने घेणेकरी दारात येतात. घरखर्चाला थोडे वेगळे द्या, कारण काकांची इस्त्री बंद म्हणजे घरातली चूल बंद, हे कुठल्याच फॉर्ममध्ये येत नाही.

वर्गणी ओळखीपाळखीतच ठेवा. जाहीर आवाहन करून गोळा करायची तर गणपती मंडळांसारखी धर्मादायची परवानगी लागते. क्लबाचा ट्रस्ट नोंदलेला असेल तर पैसे त्यातूनच फिरवा. आणि ज्यांना देणगीवरच्या आयकर सवलतीची पावती हवी त्यांना सांगा, रोख २,००० च्या वर दिले तर सूट मिळत नाही.

क्लबवाल्यांना एक विनंती (माझ्याही क्लबाला ही आवडत नाही). खाटेवर झोपलेल्या माणसाच्या अंगावर मोठा थोरला पुठ्ठ्याचा चेक धरून फोटो काढू नका. त्यापेक्षा फाइल घेऊन काउंटरवर बसणारा एक सभासद द्या, ज्याला दुपारी दोन ते पाच वेळ आहे आणि आवाज चढवायची लाज वाटत नाही. आमच्याकडे हे काम एक निवृत्त तलाठी करतात, त्यांना कोणी टोलवू शकत नाही.

जाता जाता: डिस्चार्जआधी वॉकर, कमोडची खुर्ची आणि एअर बेड यांची सोय लावा. विकत घेऊ नका, बहुतेक गावांत कुठलं ना कुठलं मंडळ अनामत घेऊन वापरायला देतं. काका घरी येण्याच्या आदल्या दिवशी आणा, त्याच दिवशी गेलात तर नेमका एअर बेड बाहेर गेलेला असतो.

काकांचं रेशनकार्ड पिवळं आहे की केशरी, आणि ते इथलं आहे की गावाकडचं, तेवढं कळवा. पत्ता गावाकडचा असेल तर अर्ज जरा वेगळा लिहावा लागेल, मी मजकूर पाठवते.