टाकीचं झाकण आधी, इंजिन नंतर

निपाणीच्या भावांनी त्यांच्या मधेच बंद पडणाऱ्या मोटरसायकलबद्दल लिहिलंय, ते वाचून माझाच २०१६ चा पावसाळा आठवला. त्यांची जुनी करिझ्मा, पंधरा-वीस किलोमीटर झकास पळते, मग आचके देते आणि बंद. दहा मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी सुरू. आणि मेस्त्री म्हणतोय, हेड (इंजिनचा वरचा भाग) खोलूया. थांबा हो. इतक्यात खोलू नका.

प्लग, एअर फिल्टर वगैरे तुम्ही बघितलंच असणार, ते सोडतो. आणि २००९ नंतरची करिझ्मा झेडएमआर असेल तर ती पेट्रोल इंजेक्शनवाली, तिचं गणित वेगळं. मी बोलतोय ते कार्ब्युरेटरवाल्या (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देतो तो भाग) २२३ सीसी करिझ्माबद्दल, माझीही तीच.

माझ्या गाडीत त्या पावसाळ्यात टाकीत पाणी जायचं. झाकणाभोवती जी खोलगट जागा असते तिथे पाणी साचतं आणि एका बारक्या भोकातून नळीवाटे खाली जातं. माझं ते भोक चिखलानं बुजलं होतं. तार घालून साफ करायचं सोडून मी काय केलं? सायकलच्या जुन्या ट्यूबचं कडं कापलं आणि झाकणाखाली घट्ट बसवलं. पाणी बंद. स्वतःवर एवढा खूश होतो की बायकोलाही नेऊन दाखवलं.

पंधरा दिवसांनी चोर्ला घाटाला निघालो आणि जांबोटीच्या पुढे गाडी बंद. मोबाईलला रेंज नाही, वरून पाऊस.

इथून पुढे माझे अकरा हजार गेले. गॅरेजचं नाव घेत नाही. 'कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेलंय' म्हणून इंजिन उघडलं, वॉल्व्ह घासले, बेळगावच्या उद्यमबागला नेऊन सिलिंडर बोअर केलं, पिस्टन-रिंगा नव्या. ट्रायल कुठवर? गॅरेजपासून तीन किलोमीटर. तेवढ्यात ती बंद पडणारच नव्हती की! पुढच्या रविवारी परत जांबोटी, परत तेच. परत गेलो तर म्हणाला, 'गाडी जुनी झाली, विकून टाका.' कॉम्प्रेशन मोजून दाखवा एवढंही तेव्हा मला सुचलं नाही. राग त्याच्यावर आहेच, पण झाकणाखाली रबर घातलंय हे मीही त्याला सांगितलं नव्हतं. खरं तर विसरलोच होतो.

मधल्या काळात मी पेट्रोलला शिव्या घातल्या. महाराष्ट्रातलं, कागलकडचं भरलं की गाडी चालते, कर्नाटकातलं, कोगनोळीच्या अलीकडचं भरलं की बंद पडते, असा माझा ठाम सिद्धांत होता. सीमावाद टाकीतसुद्धा शिरला म्हणायचा! खरं कारण नंतर कळलं. तेव्हा आपल्याकडे कर्नाटकात पेट्रोल थोडं स्वस्त होतं, म्हणून इकडे टाकी फुल्ल करायचो आणि तिकडे दोनशेचं घालायचो. टाकी भरलेली असली की आत हवेला जागा थोडी. पेट्रोल खाली जातं, त्याच्या जागी बाहेरची हवा यायला झाकणातलं व्हेंटचं भोक असतं, ते माझ्या रबरानं बंद. मग आत पोकळी होते, पेट्रोल उतरायचं मंदावतं आणि गाडी उपाशी मरते. थांबलं की हळूहळू कुठून तरी हवा शिरते, कार्ब्युरेटरची वाटी भरते, गाडी सुरू. टाकी अर्धी असली की हीच वेळ यायला बराच उशीर लागतो.

सापडलं ते नशिबानं. पेट्रोल आहे का बघायला चावी फिरवली तर झाकण उचलेना, जसं आतून कुणी धरून ठेवलंय. जोर केला तशी सुस्स करून हवा आत गेली. लगेच बटण दाबलं, लगेच सुरू. तसा आवाज आधीही एकदा आला होता, मी उन्हाची वाफ समजलो होतो. हा फरक नीट बघा: वाफेचा दाब असेल तर झाकण वर उडी मारतं, वास भसकन तोंडावर येतो. पोकळी असेल तर झाकण खाली ओढलं जातं.

मी मेस्त्री नाही, बँकेत नोकरी करतो, तेव्हा माझं शेवटचं म्हणून धरू नका. बंद पडल्याबरोबर झाकण उघडूनही गाडी उठली नाही तर तिथेच, गरम असतानाच, जादा प्लग लावून ठिणगी बघा. ठिणगी नसेल तर कॉइल किंवा पल्सर (ठिणगी कधी पडायची ते ठरवणारी छोटी कॉइल) तापून काम सोडत असेल. थंड झाल्यावर बघितलंत तर सगळं ठीकच दिसणार.

आणि विषय निघालाच आहे तर, कार्ब्युरेटर खोलायची वेळ आली तर आतल्या रबरी पडद्यावर क्लीनरचा फवारा मारू देऊ नका, तो फुगतो. उजेडासमोर धरून भोक आहे का तेवढं बघायचं. हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलवर गाडी चार महिने पावसात उभी ठेवणार असाल तर कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करा आणि टाकीला गंज धरू देऊ नका. आत गंज धरला की पेट्रोलची जाळी तुंबते आणि लक्षणं थेट हीच दिसतात, मग पुन्हा माझ्यासारखा घोळ.

आता टाकी फुल्ल करून संकेश्वरपर्यंत जाऊन या आणि बंद पडली की सर्वात आधी झाकणाला हात घाला. आवाज आला का, आणि हवा आत गेली की बाहेर आली, ते कळवा. तोवर मेस्त्रीला अॅडव्हान्स देऊ नका.