वाचकांचे प्रश्न : रिबचा बाक, वाकावरची चीर

प्रश्न : घरी बांधत असलेल्या विमानाच्या पंखासाठी ०.०२५ इंची २०२४-टी३ (कडक केलेल्या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या) पत्र्याच्या रिब, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या, लाकडी फर्म्यावर ठोकून काढल्या. फर्म्यातून सोडवली की रिब धनुष्यासारखी बाक घेते. फ्लँजचा, म्हणजे दुमडलेल्या कडेचा, कोनही ९० अंश भरत नाही. काय चुकतंय?

उत्तर : दोष दोन आहेत, इलाजही दोन.

कोनाचं सोपं आहे. टी३ पत्रा ठोकल्यावर थोडा मागे येतोच, म्हणून फर्म्याची कड काटकोनात न ठेवता ३ ते ५ अंश आत उतरती तासायची. वरच्या धारेला ३ मिमी त्रिज्येची गोलाई द्या. सरळ कडेच्या फर्म्यावर जोर लावून कोन भरत नाही. उलट फ्लँज ताणली जाते आणि बाक वाढतो.

बाकाचं मूळ जास्तीच्या पत्र्यात आहे. रिबची कड बाहेरच्या बाजूला गोल असते, त्यामुळे सपाट तुकड्यात फ्लँजची बाहेरची धार वाकाच्या रेषेपेक्षा लांब भरते. फ्लँज खाली दुमडल्यावर ही जास्तीची लांबी मावत नाही आणि सगळी रिब ओढून वाकवते. ती चुण्यांमध्ये घालवायची. आधी रिव्हेटच्या जागा आखा, मग दर दोन जागांच्या बरोबर मध्ये फ्लुटिंग प्लायरने चुणी पाडा. चुणीचा फुगवटा रिबच्या आतल्या बाजूला हवा, नाहीतर पंखावरचा पत्रा रिबला टेकणार नाही. सुरुवातीला सगळ्या चुण्या हलक्याच पाडा, रिब सपाट टेबलावर ठेवून पट्टीने रिव्हेटच्या जागांची ओळ सरळ आहे का बघा, मग जिथे बाक उरलाय तिथलीच चुणी खोल करा. पुढच्या बाजूला, जिथे गोलाई जास्त, तिथे खोल चुण्या लागतात. मागच्या जवळजवळ सरळ भागात नुसता स्पर्श पुरतो. चुणी जास्त झाली तर रिब उलटी वाकते. ती चुणी प्लायरने अलगद दाबून थोडी सपाट करा.

ठोकतानाही एका जागी फ्लँज पूर्ण पाडून पुढे सरकू नका. नायलॉनच्या हातोड्याने सगळ्या लांबीवर थोडं थोडं, तीन-चार फेऱ्यांत उतरवा. वर दाबायचा फळा आणि टूलिंग भोकांतून (पत्रा फर्म्यावर जागेवर धरणाऱ्या भोकांतून) घट्ट बोल्ट नसले तर पत्रा सरकतो.

प्रश्न : फ्लँजच्या खाचेपाशी बारीक चिरा पडतात. पत्रा गॅसवर तापवून वाकवला तर?

उत्तर : अजिबात नको. तापवल्याने टी३चा टेम्पर (कडकपणा) जातो आणि पत्रा बघून ते कळतही नाही. मऊ ‘ओ’ पत्रा वाकवून मग कडक करता येतो, पण त्यासाठी साधारण ४९३ अंश सेल्सियसची नियंत्रित भट्टी आणि लगेच पाण्यात विझवणं लागतं. शिवाय विझवताना रिब वेडीवाकडी होते ती वेगळीच.

चीर बहुधा कापलेल्या धारेवरच्या ओरखड्यातून सुरू होते. खाचेच्या मुळाशी टोकदार कोपरा न ठेवता आधी गोल भोक पाडा आणि खाच त्या भोकात आणून संपवा. कापल्यावर धार बारीक कानशीने, मग पॉलिश पेपरने, धारेच्या लांबीच्या दिशेने घासा. कानशीच्या आडव्या रेघा राहू देऊ नका. चिरलेली रिब बाद करा. चिरेच्या टोकाला भोक पाडून नवी रिब वाचवण्यात अर्थ नाही, पत्रा त्या मानाने स्वस्त आहे.

प्रश्न : वाकाच्या रेषा पेन्सिलीने आखल्या तर चालतात का?

उत्तर : नाही. ग्रॅफाइटमुळे ॲल्युमिनियम गंजतं, आणि पोलादी टोकाने ओढलेली रेघ म्हणजे ठरलेली चीर. बारीक टोकाचा मार्कर वापरा.