डीव्हीडींचा संग्रह आणि फोर-के ब्लू-रे

प्रश्न : माझ्याकडे मराठी-हिंदी चित्रपटांच्या आणि नाट्यसंगीताच्या मैफलींच्या सुमारे दीडशे डीव्हीडी आहेत. गेल्या वर्षी आम्ही ४३ इंची फोर-के टीव्ही घेतला. त्यावर या डीव्हीडी पूर्वीपेक्षाही पुसट दिसतात. अमेरिकेत राहणारी मुलगी दिवाळीला येताना फोर-के ब्लू-रे प्लेअर आणते म्हणते. तो घ्यावा का, आणि संग्रह हळूहळू बदलून टाकावा का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : संग्रह बदलण्याचा विचार सोडून द्यावा, आणि प्लेअर घ्यायचाच झाला तरी तो अमेरिकेतून आणू नये.

डीव्हीडीवरील चित्र फार तर ७२० × ५७६ बिंदूंचे असते आणि आपला टीव्ही ३८४० × २१६० बिंदूंचा आहे, म्हणजे डीव्हीडीच्या एका बिंदूच्या जागी त्याला सुमारे २० बिंदू भरावे लागतात. त्यातच जुना प्लेअर अजून लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरींनी जोडलेला असेल, तर चित्र टीव्हीपर्यंत पोहोचण्याआधीच खराब होते. एकट्या पिवळ्या वायरीतून सगळे चित्र जात असल्याने लाल लुगड्याची कडा बाजूच्या भिंतीवर ओघळल्यासारखी दिसते. प्लेअरला एचडीएमआयची सोय असल्यास आधी तेवढी केबल बदलून पाहावी. बहुतेकांची निम्मी तक्रार तिथेच मिटते.

आता नव्या डिस्कविषयी. साधी ब्लू-रे २००६ मध्ये आली आणि तिच्यावर १९२० × १०८० बिंदूंचे चित्र मिळते. २०१६ मध्ये आलेल्या फोर-के ब्लू-रेवर त्याच्या चौपट बिंदू असतात. मात्र ४३ इंची पडद्यापासून दहा फुटांवर बसणाऱ्याला या दोहोंतील बारकाव्यांचा फरक डोळ्यांनी टिपता येत नाही. त्यासाठी पाचेक फुटांवर बसावे लागेल. शिवाय मराठी चित्रपट ब्लू-रेवर फारसे आलेलेच नाहीत, त्यामुळे आपला बराचसा संग्रह बदलायचा म्हटले तरी बदलता येणार नाही.

फरक खरोखर दिसतो तो मूळ फिल्मवरून नव्याने काम झालेल्या चित्रपटांत. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनमधील एका प्रयोगशाळेच्या आगीत होरपळल्या होत्या. त्यांचे वाचलेले भाग इटलीत बोलोन्या येथे दुरुस्त करून फोर-केमध्ये स्कॅन करण्यात आले. अशी डिस्क जरूर घ्यावी, कारण येथे नुसते बिंदू वाढलेले नाहीत, चित्रच नव्याने उजळले आहे. मैफलींच्या व्हिडिओ चित्रीकरणात मुळातच तेवढे तपशील नसतात. नव्या डिस्कवर ते कोठून येणार?

संगीतप्रेमींसाठी एक मुद्दा जाता जाता सांगतो. सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट पाल (भारत-युरोपात रूढ असलेल्या टीव्ही) पद्धतीच्या डीव्हीडीवर बहुधा २५ चौकटींच्या वेगाने धावतो. सुधारणा केली नसेल तर गाणे चार टक्के जलद होते आणि सूर अर्धस्वराच्या (सा ते कोमल रे एवढ्या अंतराच्या) सुमारे ७० टक्के चढतो. ब्लू-रेवर चित्रपट सहसा मूळ वेगानेच असतो.

अमेरिकेतील प्लेअरच्या अडचणी मात्र रोजच्या आहेत. तेथील अनेक प्लेअर पाल पद्धतीच्या डीव्हीडी लावत नाहीत, काही केवळ ११०-१२० व्होल्टवर चालतात, आणि ब्लू-रेसाठी जगाचे विभाग पाडलेले असून अमेरिकेचा विभाग ‘ए’ तर भारताचा ‘सी’ असल्याने येथील विभागबद्ध साध्या ब्लू-रे त्यांवर लागत नाहीत. फोर-के डिस्कना विभागाचे बंधन नाही. म्हणून मुलीला प्लेअरऐवजी निवडक फोर-के डिस्क आणायला सांगाव्यात. त्याच खोक्यात येणारी साधी ब्लू-रे येथे चालेलच असे धरू नये.

प्लेअर येथेच शोधावा आणि तो तिन्ही प्रकारच्या डिस्क वाचणारा असावा. ओप्पोने २०१८ मध्ये आणि सॅमसंगने २०१९ मध्ये या व्यवसायातून अंग काढून घेतल्याने निवड आधीच आक्रसली आहे. घ्यायचा निर्णय झालाच तर फार लांबवू नये. जोडल्यावर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या एचडीएमआय पोर्टसाठी पूर्ण क्षमतेचा पर्याय चालू करावा, कारण अनेक टीव्हींत तो बंद ठेवलेला असतो.