वाचकांचे प्रश्न : ‘हो’ म्हणाले, पण समजलं होतं का?

या वेळी आलेल्या पत्रांतली तीन पत्रं एकाच दुखण्याची निघाली. सांगणाऱ्याने सांगितलं आणि ऐकणाऱ्यापर्यंत ते पोहोचलं नाही. रुग्णालयाच्या औषधखिडकीत मी बावीस वर्षं काढली, त्यामुळे या पत्रांतलं दुखणं माझ्या चांगल्या ओळखीचं आहे.

प्रश्न : ताई, माझ्या वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी औषधं समजावली, बाबांनी ‘हो हो’ म्हणत मान हलवली. घरी आल्यावर तीन रात्री ते कळवळत होते, पण दुखण्याची गोळी काही घेईनात. शेवटी मी कागद पाहिला. त्या गोळीपुढे ‘एस.ओ.एस.’ लिहिलं होतं. बाबा म्हणाले, “ही बुडत्या जहाजाची खूण आहे. जिवावर बेतलं तरच घ्यायची.” बाबा रोज पेपर वाचतात, तरी त्यांना एवढं कसं कळलं नाही?

उत्तर : बाबांवर रागावू नका. ती तीन अक्षरं जगभर ज्या अर्थाने ओळखली जातात, त्याच अर्थाने त्यांनी वाचली. औषधाच्या कागदावर मात्र ती एका लॅटिन वाक्याची आद्याक्षरं असतात, ‘सि ओपुस सिट’, म्हणजे ‘गरज पडल्यास’. हे रुग्णाला ठाऊक असायचं काही कारणच नाही. ‘ओ.डी.’ म्हणजे दिवसातून एकदा, पण डोळ्यांच्या डॉक्टरांच्या कागदावर तीच अक्षरं उजव्या डोळ्यासाठी येतात. ‘१-०-१’ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक; तो आकडा ‘एकशे एक’ असा वाचून खिडकीत घाबऱ्याघुबऱ्या चौकशी करणारी माणसं मी पाहिली आहेत.

नुसतं ‘गरज पडल्यास’ लिहिलं तरी काम अर्धंच होतं. किती दुखलं की घ्यायची, दोन गोळ्यांमध्ये किती तास सोडायचे आणि दिवसाला जास्तीत जास्त किती, हे तिन्ही कागदावर हवं. नाहीतर एक जण कळ सोसत बसतो आणि दुसरा तासातासाला गोळी घेतो.

शिक्षणाचं म्हणाल, तर एक प्रसंग सांगते. खिडकीत एक आजोबा आले होते. मी त्यांना सांगितलं, “दोन गोळ्या, दिवसातून दोन वेळा.” त्यांनी ते शब्द जसेच्या तसे म्हणून दाखवले. त्या दिवशी रांग नव्हती म्हणून मी पट्टी त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, “उद्याच्या दिवसभराच्या गोळ्या इथं काढून ठेवता का?” त्यांनी पट्टीतून दोन गोळ्या काढल्या, एक डावीकडे ठेवली, एक उजवीकडे. “ही सकाळची, ही रात्रीची.” हव्या होत्या चार. पुढे मला कळलं की अमेरिकेत हेच ३९५ रुग्णांसोबत तपासून पाहिलं होतं आणि तो अभ्यास २००६ साली छापूनही आला होता. त्यातल्या ज्यांना वाचन कठीण जातं अशा रुग्णांपैकी सुमारे ७१ टक्क्यांनी हेच वाक्य बिनचूक सांगितलं, पण दिवसभराच्या गोळ्या बरोबर मोजून दाखवता आल्या त्या जेमतेम ३५ टक्क्यांना. त्या दिवसापर्यंत मी किती जणांना नुसतं वाक्य पाठ करायला लावून घरी पाठवलं असेल, हा विचार माझी पाठ सोडत नाही.

त्यातून बाबा नुकतेच ऑपरेशनमधून उठलेले. डच संशोधक रॉय केसेल्स यांनी २००३ मध्ये या विषयावरचे अभ्यास एकत्र मांडले. दवाखान्यात सांगितलेल्या माहितीपैकी ४० ते ८० टक्के माणूस लगेच विसरतो आणि जे लक्षात राहतं त्यातलं जवळजवळ निम्मं चुकीचं असतं, असं त्यात दिसतं. दुखणं आणि धास्ती असली की शिकलेल्या माणसाचंही हेच होतं. अमेरिकेच्या आरोग्य खात्याने २०२० मध्ये आरोग्य साक्षरतेची, म्हणजे आरोग्याची माहिती समजून ती वापरता येण्याची, व्याख्या नव्याने केली, तेव्हा रुग्णाची साक्षरता आणि ती माहिती त्याला समजेल अशी देणाऱ्या संस्थेची साक्षरता अशा दोन वेगळ्या व्याख्या दिल्या. तुमच्या बाबांच्या बाबतीत कागद लिहिणारी बाजू कमी पडली, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढच्या वेळी घरी सोडताना कागद हातात घेऊन तिथेच बसा. प्रत्येक औषध कशासाठी, कधी, किती दिवस हे विचारा आणि डॉक्टरांच्या समोर आपल्या भाषेत लिहून घ्या. आधीपासून चालू असलेली कोणती औषधं बंद करायची, हे तर हटकून विचारा. तो प्रश्न सगळ्यांत जास्त राहून जातो.

प्रश्न : मी नुकतीच डॉक्टर झाले आहे. बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाला चार-पाच मिनिटं मिळतात. प्रत्येकाला शेवटी “समजलं का?” असं विचारते. सगळे ‘हो’ म्हणतात. आठ दिवसांनी तेच रुग्ण उलटंच काहीतरी करून परत येतात. काय चुकतंय?

उत्तर : डॉक्टर, तो प्रश्न सोडून द्या. मागे रांग उभी आहे, समोर डॉक्टर आहेत, ‘नाही’ म्हटलं तर अडाणी ठरू. अशा वेळी माणूस ‘हो’ म्हणणार नाही तर काय? त्याऐवजी असं विचारून पाहा : “मी घाईत सांगितलंय, माझं काही राहिलं का ते बघू या. घरी गेल्यावर या औषधाबद्दल काय सांगाल?” म्हणजे परीक्षा तुमच्या सांगण्याची होते आणि रुग्णाला संकोच वाटत नाही. उत्तर चुकलं तर तेच वाक्य मोठ्या आवाजात पुन्हा म्हणू नका, शब्द बदला.

वेळेचं गणितही बसतं. दहा गोष्टी सांगण्यापेक्षा आज ज्यावाचून चालणारच नाही अशा दोन-तीन सांगा, बाकीचं परिचारिकेवर किंवा औषध देणाऱ्यावर सोपवा. “रिपोर्ट निगेटिव्ह आहे” हे ऐकून खुर्चीचा हात घट्ट धरणारी बाई मी पाहिली आहे. निगेटिव्ह म्हणजे वाईट, असाच अर्थ तिने घेतला. “तपासणीत आजार सापडला नाही” म्हणायला कितीसा जास्त वेळ लागतो?

जे हाताने करायचं ते हातानेच करून घ्या. इन्हेलर तुमच्यासमोर ओढायला लावा. मुलांच्या पातळ औषधाला ‘एक चमचा’ लिहूच नका. छोटा चमचा ५ मिलिलिटरचा, मोठा १५ चा, म्हणजे थेट तिप्पट. मिलिलिटरमध्येच लिहा आणि मापाच्या सिरिंजवर पेनाने रेघ मारून द्या.

प्रश्न : मी जन्मापासून कर्णबधिर आहे. वय एकतीस. तपासणीला बहीण सोबत येते. डॉक्टर सगळं तिच्याशी बोलतात, “हिला कधीपासून त्रास होतो?” असं तिलाच विचारतात. बाहेर आल्यावर बहीण म्हणते, “काही विशेष नाही.” मला सगळं कळायला हवं.

उत्तर : तुमचं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. सगळं कळणं हा तुमचा हक्कच आहे. बहीण मायेपोटी गाळून सांगते आणि घरच्या माणसाला दुभाषी केलं की हे होणारच. ती सोबत जरूर असू दे. पण मोठा निर्णय असेल, संमतीची सही असेल, तेव्हा सांकेतिक भाषेच्या प्रशिक्षित दुभाष्याची मागणी वेळ घेतानाच करा. इंग्लंडमध्ये २०१६ पासून सरकारी आरोग्यसेवेला रुग्णाची संवादाची गरज विचारणं, ती नोंदवणं आणि पुरवणं बंधनकारक आहे. तुमच्या केसपेपरवरही वरच्या बाजूला ती नोंद करायला सांगा, म्हणजे प्रत्येक वेळी पहिल्यापासून सांगत बसावं लागणार नाही.

नाव पुकारलेलं ऐकू येणार नाही, तेव्हा खिडकीतल्या माणसाला आधीच सांगून ठेवा की नंबर आला की येऊन खूण कर. एमआरआय असेल तर जास्तच जपा. तिथे श्रवणयंत्र काढावं लागतं आणि ‘श्वास रोखा’ ही सूचना आवाजातून येते. दिव्याची किंवा हाताला स्पर्शाची खूण आत जाण्यापूर्वी ठरवून घ्या, आणि ती एकदा करून बघा.

एका जाड कागदावर लिहून ठेवा : “मला ऐकू येत नाही. माझ्याकडे बघून, मास्क खाली घेऊन, सावकाश बोला. औषध आणि पुढची तारीख लिहून द्या.” मास्क काढणं शक्य नसेल तर ते सगळंच लिहून देतील.

आणि हे उत्तर बहिणीलाही वाचायला द्या. डॉक्टर तिच्याकडे वळले की तिने काही न बोलता तुमच्याकडे हात करायचा.