टू-स्ट्रोक डर्ट बाइकचं इंजिन घरी रिबिल्डसाठी उघडताना क्रम काय ठेवावा? केसचे (क्रँकभोवतीच्या कवचाचे) दोन भाग सुटले नाहीत तर मध्ये स्क्रू ड्रायव्हर घातला तर चालेल का?

हेड, ब्लॉक, पिस्टन, क्लच, मॅग्नेट, मग केस. क्रमात फारसं काही नाही. फक्त मॅग्नेटचा आणि क्लचचा नट इंजिन फ्रेममध्ये असतानाच ढिला करा, नंतर टेबलावर इंजिन घेऊन नाचावं लागतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. अजिबात नाही.

माझी आरएक्स १००, मॉडेल १९९४. जाड नक्षीचे टायर चढवून देवगडच्या सड्यावर फिरवायचो. जांभ्याची तांबडी धूळ खाऊन रिंगा गेल्या, शिवाय क्रँक वाजत होता, म्हणून फुल इंजिन काढलं. खाऱ्या हवेने केसचे स्क्रू आणि डॉवेल (दोन भाग जुळवणाऱ्या खुंट्या) असे धरलेले की पुलर लावूनही जोड हलेना. दादा मुंबईहून आलेला. "काय होवचा नाय रे" म्हणत त्याने सरळ छिन्नी घातली आणि दोन ठोके मारले. सुटली केस! वर मॅग्नेटच्या बाजूचं क्रँकचं रबरी सील "नव्यासारखा आसा" म्हणून जुनंच बसवायला लावलं.

गाडी सुरू झाली, पण अॅक्सिलरेटर सोडला तरी आवाज खाली येईना. प्लग पांढराफटक. तेव्हाच थांबायला हवं होतं. फोंडा घाट चढताना मागचं चाक गपकन धरलं, क्लच दाबला म्हणून वाचलो. ब्लॉक काढला तर पिस्टन सायलेन्सरच्या बाजूला सोललेला.

दादा आजही म्हणतो, ऑइल कमी पडलं. ऑइल कमी असतं तर क्रँकची रॉड कोरडी दिसली असती, ती तर निथळत होती. मग मी इनटेक आणि एक्झॉस्ट जुन्या ट्यूबच्या रबराने बंद केलं, सायकलचा व्हॉल्व्ह बसवला, पंपाने साधारण ६ पीएसआय हवा भरली आणि साबणाचं पाणी लावलं. सीलपाशी बारीक फेस आला आणि केसच्या जोडावर, बरोबर छिन्नीच्या जागी, मोठा बुडबुडा. तिथून हवा आत ओढली जात होती, मिश्रण पातळ होऊन (हवा जास्त, पेट्रोल कमी) पिस्टन तापला. ही चाचणी तुम्ही इंजिन उघडायच्या आधीच करा, निम्मी चोरी तिथेच सापडते. दोन्ही सीलं मात्र न बघता बदला. क्लचच्या बाजूचं गेलं तर इंजिन गिअर ऑइल पितं आणि पांढरा धूर काढतं.

केस अडली तर बेअरिंगभोवती गरम करा, नायलॉनच्या हातोडीने आळीपाळीने दोन्हीकडे ठोका, एखादा स्क्रू राहिलाय का पुन्हा बघा. माझा एकदा राहिला होता. पिस्टनची पिन धरणारी सर्क्लिप काढताना खाली फडकं कोंबा, नाहीतर ती क्रँकमध्ये पडते. आणि पावसाळ्यात ब्लॉक काढून क्रँक उघडा ठेवू नका, आपल्याकडे आठ दिवसांत रॉडच्या बेअरिंगवर गंज धरतो. टू-स्ट्रोक ऑइल ओता, वर प्लास्टिक बांधा.

हो, माझा हात एअर-कूल्ड आरएक्सवरच बसलाय. तुमची वॉटर-कूल्ड किंवा पॉवर व्हॉल्व्हवाली (एक्झॉस्टचं तोंड कमीजास्त करणारी झडप असलेली) असेल तर सर्व्हिस मॅन्युअल आधी वाचा.

दादा, ती केस अजून पडवीत कोयत्याशेजारी आहे. गणपतीला आलास की जोडावर नख फिरवून बघ, अडकतं.