फायरप्लेस पेटेना, दोष रिमोटचाच का?

यावेळी गॅस फायरप्लेसच्या रिमोटवरच इतके प्रश्न आलेत की अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. पण कुठल्याही उत्तराआधी एक गोष्ट, गॅसचा वास येत असेल तर पुढचं काहीच वाचत बसू नका, रिमोट दाबू नका, लाईटचं बटण चालू-बंद करू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरून गॅसवाल्यांना फोन करा. बाकी सगळं नंतर.

प्रश्न: आमच्या फायरप्लेसला भिंतीवर बटण आहे. मुलाने रिमोटचं किट आणून दिलंय, पण सोबतचं पत्रक वाचून काही कळत नाही. रिसीव्हरच्या, म्हणजे रिमोटचा सिग्नल पकडणाऱ्या डबीच्या, दोन तारा कुठे जोडायच्या, आणि उलटसुलट लागल्या तर काही जळेल का?

आधी तुमची फायरप्लेस कुठल्या प्रकारची आहे ते बघून घ्या. जाळ बंद असतानाही आत एक बारीक निळी ज्योत जळत राहत असेल, तिलाच पायलट म्हणतात, तर ती मिलिव्होल्टवाली आणि बाजारातली बरीचशी किट्स तिच्यासाठीच असतात. तशी ज्योत नसेल आणि चालू करताना टिकटिक करत ठिणगी पडत असेल तर ते इलेक्ट्रॉनिक इग्निशन, तिथे शक्यतो फायरप्लेसच्या कंपनीने सांगितलेलाच रिमोट घ्या, दुसरा जुळवायच्या भानगडीत पडू नका.

मिलिव्होल्टमधे गंमत अशी की व्हॉल्व, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी झडप, उघडायला बाहेरची वीज लागतच नाही. पायलटच्या ज्योतीत थर्मोपाईल नावाची एक कांडी असते, ती तापली की साधारण अर्धा ते पाऊण व्होल्ट तयार होतो आणि तेवढ्यावर व्हॉल्व उघडतो. भिंतीवरचं बटण फक्त ते सर्किट जोडतं आणि तोडतं. रिसीव्हरही तेवढंच करतो, म्हणजे तो भिंतीवरच्या बटणाचा सख्खा भाऊच. म्हणून बटणाच्या दोन तारा सोडवून रिसीव्हरच्या दोन तारांना जोडायच्या, उलटसुलट झाल्या तरी फरक पडत नाही. थेट व्हॉल्ववर जोडायच्या असतील तर टीएच (TH) आणि टीएच/टीपी (TH/TP) असं लिहिलेले दोन स्क्रू शोधा. मात्र घरातली मेन वीज या तारांना चुकूनही लावायची नाही, व्हॉल्व जळून जाईल, म्हणून भिंतीतल्या तारा मेनच्या नाहीत ना ते मल्टीमीटरने आधी बघाच. आणि हे सगळं करताना गॅसची नॉब बंद आणि फायरप्लेस पूर्ण गार.

मग रिसीव्हरमधे सेल घाला, सरकतं बटण मधल्या 'रिमोट' जागेवर आणा. बारीक भोकाशेजारी 'लर्न' लिहिलेलं असतं, त्यात पिन घालून दाबून सोडा, बीप वाजला की लगेच रिमोटवरचं ऑन दाबा. पुन्हा बीपबीप झालं म्हणजे दोघांची ओळख झाली. उशीर केलात तर रिसीव्हर वाट बघून गप्प बसतो, मग पहिल्यापासून.

प्रश्न: रिमोट दाबला की आतून 'टक' असा आवाज येतो, पण जाळ काही पेटत नाही. सेल नवीन घातलेत, ओळखही परत करून दिली. रिमोट बदलू का?

अजिबात नको! टक आवाज येतोय म्हणजे रिमोटचं म्हणणं रिसीव्हरपर्यंत पोचलंय. लोक इथे हमखास नवीन रिमोट घेतात आणि तोही तस्साच टक करून गप्प बसतो.

पहिल्यांदा खाली वाकून व्हॉल्वची नॉब बघा. तिच्यावर ऑफ, पायलट आणि ऑन अशा तीन जागा असतात. पायलट पेटवल्यावर नॉब तिथेच विसरून जाणं हे इतकं कॉमन आहे की मी सगळ्यात आधी हेच विचारते, कारण नॉब पायलटवर असेल तर रिमोटने कितीही डोकं आपटलं तरी मोठा बर्नर पेटणार नाही. आणि पायलट विझलेलीच असेल तर तेच आधी बघा.

नॉब ऑनवर आहे, पायलटही जळतेय, तरी पेटत नाही? मग रिसीव्हर बाजूला काढा आणि एक छोटी तार घेऊन टीएच आणि टीएच/टीपी हे दोन स्क्रू क्षणभर जोडून बघा (फक्त मिलिव्होल्टवाल्यांनी, आणि चेहरा काचेपासून लांब ठेवून). भप्पकन बर्नर पेटला तर व्हॉल्व आणि थर्मोपाईल ठणठणीत, घोळ रिसीव्हरमधे किंवा मधल्या तारांमधे. जोडाला गंज, ढिला स्क्रू, तार फार लांब किंवा फार बारीक, एवढंही पुरतं, कारण मुळात वीजच अर्ध्या व्होल्टाची, त्यातली थोडी वाटेत गळाली की व्हॉल्व उघडत नाही.

तार लावूनही पेटला नाही तर संशय थर्मोपाईलवर. मल्टीमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून टीपी (TP) लिहिलेला तिसरा स्क्रू आणि टीएच/टीपी यांच्यामधे मोजा. बर्नर बंद आणि पायलट चालू असताना सव्वातीनशेच्या वर आकडा असला तर बहुतेक ठीक, त्याच्या बराच खाली असेल तर कांडी थकलीय किंवा पायलटची ज्योतच मरतुकडी आहे. पायलट नुकतीच पेटवली असेल तर दोनचार मिनिटं थांबून मोजा, कांडी तापायला वेळ लागतो. ज्योत कांडीच्या टोकाला नीट वेढून असायला हवी, पिवळी, लवलवती किंवा नुसती बाजूने चाटत जाणारी नको. बरेच महिने बंद राहिलेल्या फायरप्लेसमधे धूळ किंवा कोळ्याचं जाळं पायलटच्या नळीत अडकतं, ते साफ करायला मात्र गॅसचं काम येणाऱ्या माणसालाच बोलवा, पिन घालून छिद्र मोठं करून ठेवू नका.

प्रश्न: उलटंच झालंय. रिमोटने बंद केलं तरी जाळ विझत नाही!

रिसीव्हरचं सरकतं बटण ऑनवर राहिलंय का बघा, तसं असेल तर तो रिमोटचं ऐकतच नाही. दुसरं, जुनं भिंतीवरचं बटण काढून न टाकता रिसीव्हरसोबत समांतर जोडलं असेल तर दोघांपैकी एक जरी चालू असलं तरी जाळ जळत राहणार. तिसरं, रिमोटचेच सेल संपलेत, तर बंदचा निरोप जाणारच कसा. तूर्त सरकतं बटण ऑफवर करा. तरीही विझलं नाही तर व्हॉल्वची नॉब ऑफ, आणि त्यानेही काही होत नसेल तर फायरप्लेसचा गॅसचा कॉक बंद करून तंत्रज्ञाला बोलवा, तिथे स्वतः खटपट नको.

प्रश्न: थर्मोस्टॅटवर ठेवलं की खोली गार असतानाच जाळ बंद होतो, कधी नुसता बीपबीप करून विझतो. रिमोट खराब?

तापमान मोजणारा सेन्सर रिमोटमधेच असतो, भिंतीत नाही. रिमोट कुठे ठेवता तुम्ही? फायरप्लेसच्या वरच्या फळीवर, टीव्हीजवळ किंवा खिडकीच्या उन्हात असेल तर त्याला वाटतं की खोली तापली. सोफ्याजवळ, सावलीत ठेवून बघा.

बीपबीप करून विझतं त्याची दोन कारणं. बऱ्याच रिसीव्हरमधे सुरक्षेसाठी अशी सोय असते की त्याच्याच आजूबाजूची हवा साधारण 54 अंश सेल्सिअसच्या वर गेली की तो जाळ बंद करतो, म्हणजे रिसीव्हर आगीच्या फार जवळ बसवलाय, तो बाजूला सरकवा किंवा किटमधली उष्णतारोधक पट्टी लावा. दुसरं म्हणजे थर्मोस्टॅटवाले काही रिमोट ठरावीक वेळाने रिसीव्हरला सिग्नल पाठवत राहतात आणि बराच वेळ तो मिळाला नाही तर रिसीव्हर स्वतःहून विझवतो. रिमोट कुणी वरच्या खोलीत नेऊन ठेवला की हे होतं, आणि मग सगळे एकमेकांकडे बघत बसतात.

प्रश्न: रिसीव्हरचे सेल पटापट संपतात. चार्जिंगचे वापरले तर?

साधे अल्कलाईनच वापरा. चार सेलचे मिळून सहा व्होल्ट व्हायला हवेत, चार्जिंगवाला एक सेल जेमतेम 1.2 व्होल्टचा, म्हणजे बेरीज 4.8 आणि रिसीव्हर सुरुवातीपासूनच कुरकुरतो. नवे-जुने एकत्र घालू नका. तरी पटकन संपत असतील तर वर सांगितलेला उष्णतेचाच प्रकार, कारण गरम जागेत सेल लवकर बसतात, गळतातही. हंगाम संपल्यावर काढूनच ठेवा.